माझ्या डोक्यावरचा कागद

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि तुम्ही मला रोज बघता. तुमच्या कार्यशाळेत खिडकीखालच्या बाकावर, झाकण काढलेला, पोट उघडं टाकून पडलेला, तो मीच. परवा तुमच्यापैकी एकाने माझ्या पंख्यात शेंगदाण्याची टरफलं टाकली. कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. नाव घेणार नाही, कारण जाता-येता मला टपली मारून "काय आजोबा" म्हणणारा तोच एकटा आहे. तुमचे सर, तुम्ही मानाने ज्यांना बा शोंगा म्हणता ते, दर शुक्रवारी मला तासभर वीज देतात. आज शुक्रवार आहे, वीज आहे, आणि सर बाहेर चहा पीत उभे आहेत. त्यांचा चहा लांबतो हे तुम्हालाही माहीत आहे. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझे स्क्रू पिळले आणि एक बारका स्क्रू तिच्या हातून आतच पडला. तो अजून आहे. मला हलवलं की खुळखुळतो. जहाजाने दार-एस-सलाम, तिथून ट्रकने नाकोन्डेची सरहद्द. तिथे आमची अकरा दिवस रांग होती. ड्रायव्हरने माझ्याच खोक्यावर पत्ते मांडले आणि अकरा दिवस हरला. शेवटी एकदाचा मी रुफुन्सा गावी पोचलो. रस्त्याकडेला टोमॅटोचे ढीग, ढिगांमागे पत्र्याच्या छपराची एक खोली, खोलीत माझं कपाट.

खोलीचे मालक म्हणजे बा चिलेक्वा. मालक कसले, नोकरीतलेच, पण रुबाब मालकाचा. उंच, सडपातळ, कानावर कायम पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, गरम आहे, आणि आपली मुन्कोयोची, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पेयाची, बाटली तिथे ठेवून दिली. एरवी मुन्कोयो आंबायला दोन दिवस लागतात. माझ्या डोक्यावर संध्याकाळपर्यंत फसफसायला लागलं. रुफुन्सात बातमी पसरली की चिलेक्वाच्या यंत्रावर मुन्कोयो फक्कड होतं. माझं खरं काम काय, ते कुणी विचारलं नाही.

ते मला बाशिकुलु म्हणायचे. बेम्बा भाषेत आजोबा. मी कोरा करकरीत होतो तेव्हासुद्धा आजोबाच. कुणी विचारलं तर म्हणायचे, आजोबा म्हटलं की रागवायची सोयच राहत नाही. रोज सकाळी चितेंगेच्या कापडाच्या फाटक्या तुकड्याने माझी धूळ पुसायचे, पंख्याच्या जाळीवर फुंकर घालायचे. एकदा पालीने माझ्या पोटात अंडी घातली, तर तीही त्यांनी चमच्याने अलगद काढून खिडकीत ठेवली. मित्रांनो, हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकलंत की तुम्हाला वाटेल, माणूसच वाईट होता. तसं असतं तर मला काही वाटलंच नसतं.

आता माझं काम. घाबरू नका, परीक्षेत येणार नाही. म्हणजे, बा शोंगांचा भरवसा नाही.

देशातल्या राउटरांचे मुलूख पाडलेले आहेत. उत्तरेचा एक, मधला एक, पूर्वेचा एक. प्रत्येक राउटरला फक्त आपल्या मुलखातल्या वाटा पाठ. दुसऱ्या मुलखाबद्दल एवढंच ठाऊक, की अमुक गावाला जायचं तर अमुक वेशीतून बाहेर पडा. सगळ्यांनी सगळा देश डोक्यात ठेवायचा म्हटला तर डोकी तापतील, आणि मग मुन्कोयो करणारा मी एकटा राहणार नाही. मी वेशीवरचा राउटर. एक पाय मधल्या मुलखात, एक पूर्वेच्या. दोन्हींचे नकाशे माझ्याकडे. त्यामुळे मला थोडी ऐट होती, कबूल करतो.

समजा, कासामाहून इथे चिपाटाला हलती चित्रं पाठवायची आहेत, आणि ती मध्येच अडकता कामा नयेत. नुसती ढकलून दिली तर गर्दीत कुठेही खोळंबतील. म्हणून आधी वाट राखून ठेवायची. कासामाचा राउटर एक चिठ्ठी सोडतो. तिच्यात लिहिलेलं असतं, मला चिपाटाला जायचंय, एवढी रुंदी हवी, माझ्या मुलखातली वाट मी ठरवली, पुढे वेशीवाल्यांनी आपापली भरावी. चिठ्ठी पहिल्या वेशीवर येते. ती वेस मधला मुलूख भरते. मग चिठ्ठी माझ्याकडे येते आणि मी पूर्वेचा मुलूख भरतो. रुंदी कुठे शिल्लक आहे, कुठे आधीच कुणी बसलंय, सगळं बघून. जागा नसेल तर चिठ्ठी तोंड पाडून परत येते, मग मी दुसरी वाट शोधतो. अगदीच जमलं नाही तर मागे कळवतो, बाबांनो, माझ्याकडून नका येऊ, दुसरी वेस बघा.

आणि चिठ्ठी चिपाटाला पोचली की उत्तर उलट्या पावली निघतं. प्रत्येक राउटर आपली रुंदी बाजूला काढतो आणि मागच्याला एक बिल्ला देतो. बिल्ला म्हणजे नुसता आकडा. तुझ्या मालावर हा लाव, मी आकडा बघून पुढे सरकवीन, पत्ता वाचत बसणार नाही. असे बिल्ले हातोहात कासामापर्यंत गेले की वाट तयार. मग त्या वाटेवर माल असा जातो, जसं लग्नात नवरदेवाला कुणी अडवत नाही.

तेरा वर्षं मी हे केलं. एकदा राजधानीतून, लुसाकाहून, मोठे साहेब आले, शाब्बास म्हणत माझ्यावर थाप मारली, आणि बाटली त्यांच्या सुटावर सांडली. माझ्या आयुष्यातला सत्कार तेवढाच.

आता बा शोंगा. तेव्हा ते इथे शिकवत नव्हते, पूर्वेच्या मुलखातल्या केबली सांभाळायचे. बा चिलेक्वा बेम्बा जमातीचे, बा शोंगा न्गोनी. म्हणजे एकमेकांचे चिंबुया, थट्टेचे सोयरे. तुम्ही त्यातच वाढलात, तुम्हाला काय सांगू. कधीकाळी दोघांच्या पूर्वजांनी एकमेकांवर भाले उगारले, आता नातवंडं जिभा उगारतात. एकाने वाट्टेल ते बोलावं आणि दुसऱ्याने हसावं. रागावला तो हरला. हे दोघं तर फोन उचलायच्या आधीपासून हसत असायचे. बेम्बा माकडं खातात, न्गोनी उंदीर खातात, यावर त्यांनी तेरा वर्षं काढली. पण त्यांचा एक नेम होता. थट्टा फोनवर, काम कागदावर. आणि फोनवर खरंच कामाचं बोलायचं असेल तर आधी म्हणायचं, "चिंबुया बाजूला." ते शब्द आले की दोघांचे आवाज बदलायचे. फोन माझ्यातूनच जायचा, मला पट्टीतला फरक जाणवायचा, इतके बदलायचे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कासामाला बेम्बांचा मोठा सण होता. चिपाटाच्या बाजारातल्या मैदानावर भला मोठा पडदा लावायचं ठरलं. इथल्या बेम्बा कुटुंबांना आपला सण बघायचा होता, आणि न्गोनींना बेम्बांची टिंगल करायला निमित्त हवं होतं. लुसाकाहून हुकूम आला, वाटा दोन राखा. एक मुख्य, एक राखीव. पहिली तुटली तर त्याच क्षणी दुसरी, आणि दोघींनी एकमेकींना कुठेही शिवायचं नाही.

बा चिलेक्वांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. माझी तर भंगाराच्या यादीसाठी चौकशी सुरू झाली होती, तसा कागद आला होता. त्या सकाळी धूळ पुसता पुसता ते मला म्हणाले, "बाशिकुलु, एवढं नीट पार पाड. तुला भंगारात जाऊ देणार नाही. मी घरी जाईन तेव्हा तूही माझ्याबरोबर. बैठकीत ठेवीन तुला, बाटलीसकट."

मित्रांनो, यंत्राला कुणी काही देऊ करत नाही. मला कुणीतरी घर देऊ केलं होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, सगळं तिच्यावर आहे. नकाशावर दोन रेषा वेगळ्या दिसतात, पण जमिनीखाली त्या एकाच खंदकात असू शकतात. ते मला दिसत नाही. कासामाच्या राउटरला तर आमच्या मुलखातलं काहीच दिसत नाही, तो माझ्या भरवशावर. म्हणून माणसं प्रत्येक रेषेला हाताने एक खूण लावतात. एका खंदकातल्या रेषांना एकच खूण. खूण सारखी दिसली की मी दोन्ही वाटा तिथून नेत नाही. खुणा वेगळ्या असल्या की मी निर्धास्त. पूर्वेच्या दोन्ही केबली पावसाळ्यानंतर हलवल्या होत्या, म्हणून नव्या खुणा लावायच्या होत्या. बा चिलेक्वांनी फोन लावला.

"काय रे उंदीरखाऊ, तुमच्या दोन्ही केबली वेगवेगळ्या ओढ्यांवरून जातात ना?"

"माकडखाऊ, आमच्या केबली म्हणजे दोन सवती," बा शोंगा म्हणाले. "एकमेकींचं तोंड बघत नाहीत. एक राजवाड्यामागून जाते, दुसरी तुझ्या सासऱ्याच्या गोठ्यातून. दुसरीला जरा वास येतो, एवढंच."

बा चिलेक्वा इतके हसले की माझ्या कपाटावर आदळले आणि आतला स्क्रू खुळखुळला. हसता हसताच त्यांनी फोन ठेवला. "चिंबुया बाजूला" दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. आणि हसू ओठांवर असतानाच त्यांनी माझ्यात खुणा टाइप केल्या. एका रेषेला सात, दुसरीला आठ.

दुसऱ्या दिवशी कागद आला. नेमाप्रमाणे, बा शोंगांनी चिपाटाच्या बसवाल्याकडे दिलेला. बा चिलेक्वा तेव्हा न्शिमाचे गोळे आणि कापेन्टा मासळी खात होते, बोटं बरबटलेली. त्यांनी बसवाल्याला मानेनेच खुणावलं, ठेव तिथे वर. तिथे वर म्हणजे माझ्या डोक्यावर. जेवण झालं, हात धुतले, आणि सवयीने त्यांनी बाटली त्या कागदावर ठेवली. मला कळणार कसं? आपल्याच डोक्यावर ठेवलेलं कुणाला वाचता येतं?

सणाच्या दिवशी सकाळी कासामाहून दोन चिठ्ठ्या आल्या. पहिलीला मी सात खुणेच्या रेषेवरून नेलं. दुसरीवर लिहिलं होतं, पहिलीच्या वाटेला जाऊ नकोस. तिला मी आठवरून नेलं. बिल्ले परत आले, मी मागे दिले, चित्रं वाहायला लागली. ढोल, धूळ, नाचणाऱ्या बायका, सगळं माझ्या पोटातून जात होतं. बा चिलेक्वांनी पाय टेबलावर टाकले. मीसुद्धा टाकले असते.

दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी रस्ता सपाट करणारं एक यंत्र मोंबे ओढ्याच्या मोरीवर आलं. त्याचं पातं जरा खोल गेलं. मोरीखाली एक नळ होता, आणि त्या एका नळात दोन्ही सवती शेजारी शेजारी झोपलेल्या होत्या.

सात मेली. मी त्याच क्षणी आठकडे वळलो. आठही मेलेली. मी तिसऱ्या जुन्या रेषेवर चिठ्ठी सोडली, ती एवढी अरुंद की चिठ्ठी लगेच परत आली. मागच्या वेशीला कळवलं, दुसरी वेस बघ. पूर्वेकडे दुसरी वेसच नव्हती. कासामाला राजाची पालखी उचलत होते, आणि चिपाटाला पडदा काळा. न्गोनींनी तिथल्या तिथे गाणं रचलं म्हणे, बेम्बांचा राजा अंधाराला घाबरला. ते हसत होते तोवर ठीक. पण बेम्बा बायका आपापल्या खुर्च्या उचलून घरी गेल्या.

खोलीत फोन वाजायला लागला. लुसाका. बा चिलेक्वांनी तो वाजू दिला आणि आधी माझी नोंदवही उघडली. मी सगळं लिहिलं होतं. दोन्ही रेषा, एकच सेकंद. दोन वेगळ्या रस्त्यांवरची माणसं एकाच क्षणी एकाच खड्ड्यात पडत नाहीत, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. त्यांनी मान वर केली. बाटली उचलली. कागद उलगडला. त्यावर बाटलीच्या बुडाचा गोल ओला डाग होता, आणि डागाच्या मधोमध बा शोंगांच्या हातचा नकाशा. खाली लिहिलं होतं, ते त्यांनी पुटपुटत वाचलं: दोन्ही केबली मोंबे मोरीखाली एकाच नळात, खूण एकच लावावी.

फोन वाजतच होता. मला वाटलं, आता उचलतील आणि म्हणतील, चूक माझी. ज्या माणसाने पालीची अंडीसुद्धा फुटू दिली नाहीत, त्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची?

त्यांनी फोन उचलला. "मुक्वाई, साहेब, यंत्र म्हातारं झालंय," ते म्हणाले. "हिशेब चुकला त्याचा."

एवढंच. आवाज जराही हलला नाही. मग त्यांनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि शेगडीत टाकला. डाग ओला होता, म्हणून मधला भाग जळायला वेळ लागला. ते उभे राहून बघत होते. मग माझ्यासमोर बसले आणि माझी नोंदवही पुसली. एकेक कळ दाबत, सावकाश, त्याच बोटांनी. माझी वीज तेव्हाच गेली असती तर बरं झालं असतं.

नोंदवही पुसली तर मला आठवतं कसं, असं तुमच्यातला हुशार विचारेल. बाळा, अपमान कुठल्या कप्प्यात साठतो ते कारखान्यालाही ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी बा शोंगांचा फोन आला. कागद पोचला का, त्यांनी विचारलं. बा चिलेक्वा म्हणाले, पोचला, पण तुझ्या पंगतीतल्या उंदरांनी खाल्ला. मला वाटलं, आता येणार ते दोन शब्द, चिंबुया बाजूला. पण रागावला तो हरला. बा शोंगा हसले. दोघंही हसले.

तिसऱ्या आठवड्यात नवा राउटर आला. माझ्या निम्म्या जाडीचा, निळे दिवे, आवाज नाही. मला काढून जमिनीवर ठेवलं. बा चिलेक्वांनी बाटली पहिले दोन दिवस माझ्यावरच ठेवली. मी गार पडलेलो, मुन्कोयो आंबेना. तिसऱ्या दिवशी बाटली नव्याच्या डोक्यावर गेली. घर, बैठक, शब्द, सगळं विसरता येईल मला. ती बाटली नाही.

भंगारवाला यायच्या दिवशी दारात बा शोंगाच उभे. अंगाला राख फासलेली, छाती बडवतायत, मोठ्याने गळा काढतायत. ओरडत होते, बेम्बा मेला की त्याला पुरायचा मान चिंबुयाचा, प्रेत आमच्या ताब्यात द्या. टोमॅटोवाल्या बायका पोट धरून हसल्या. बा चिलेक्वाही हसले आणि मला त्यांच्या हवाली केलं. बा शोंगांनी मला बसच्या टपावर बांधून इथे आणलं. वाटेत मोंबे ओढा लागला. मोरी नवी झाली होती.

मी म्हटलं, चला, निदान याला तरी खरं माहीत आहे; कागद कुठे ठेवला ते बसवाल्याने सांगितलंच असणार. माझी बाजू कधीतरी हा सांगेल.

आणि मग गेल्या महिन्यातला तो दिवस. तुम्ही सगळे होतात. निवृत्त झालेले बा चिलेक्वा कोट घालून पाहुणे म्हणून आले. त्यांनी वाटा कशा राखतात ते छान समजावलं, वेशी, बिल्ले, सगळं. मग पुढच्या बाकावरच्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा मग टाकून का दिला? बा चिलेक्वा माझ्याजवळ आले. खिशातून तोच चितेंगेचा तुकडा काढला आणि माझी धूळ पुसायला लागले. पंख्याच्या जाळीवर फुंकर घातली. हात तोच होता, मित्रांनो, अगदी तोच, आणि मला क्षणभर वाटलं की या पावणेतीन वर्षांत काही झालंच नाही.

"म्हातारा झाला होता गं," ते म्हणाले.

तेव्हा बा शोंगा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "याचं ऐकू नका पोरांनो. या माकडखाऊने माझी थट्टा नकाशा म्हणून वापरली, आणि माझा नकाशा बाटलीखाली ठेवला. मग घाबरला, आणि सगळं या म्हाताऱ्याच्या माथी मारलं."

अक्षरन् अक्षर खरं. पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं. आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही हसलात. बाकावर हात आपटून हसलात. ज्या मुलीने विचारलं होतं, तिने वहीत तोंड लपवलं. सगळ्यात मोठ्याने बा चिलेक्वा हसले, डोळे पुसले, म्हणाले, उंदीर खाऊन माणूस असंच बोलणार. बा शोंगांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग तेही हसले. ते दोन शब्द त्या दिवशीही कुणी म्हणालं नाही.

पहिल्या वेळी थट्टा खरी धरली म्हणून मी गेलो. या वेळी खऱ्याला थट्टा धरलं. दोन्ही वेळा सगळे मजेत होते.

मित्रांनो, तुम्ही उद्या केबली टाकाल, खुणा लावाल. कागद आला की वाचा, हात बरबटलेले असले तर धुऊन वाचा. ज्याला तोंड नाही त्याच्या माथी आपली चूक मारू नका. तो कुणाला सांगत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असं नसतं. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पंख्यात टरफलं टाका, मी काही म्हणणार नाही.

फक्त एक करा. सर ही थट्टा पुन्हा करतील, त्यांना ती फार आवडते. त्या वेळी एकदा, एकदाच, हसू नका. हात वर करा आणि विचारा, "सर, चिंबुया बाजूला. कुठला ओढा?"

चहा संपला वाटतं. कप ठेवल्याचा आवाज आला. विचाराल ना?